‘पाहा’ या एका शब्दाच्या आडून चर्चला चिमटे काढणारा दिदेरो

रात्री जेवण झाल्यावर सहज मोबाईल हातात घेता. पानिपतच्या लढाईची तारीख तेवढी बघायची असते. विकिपीडियाचं पान उघडतं, वाचता वाचता अब्दालीच्या नावावर बोट पडतं, तिथून कंदाहार, कंदाहारवरून डाळिंब, आणि अर्ध्या तासाने तुम्ही डाळिंबावर पडणाऱ्या रोगांबद्दल वाचत असता. पानिपत राहिलं बाजूलाच.

ज्ञानकोशात शिरायच्या मुख्य वाटा तीनच. नाव माहीत असेल तर ते शोधपेटीत टाकायचं. नाव माहीत नाही पण विषय माहीत आहे, तर पानाच्या तळाशी दिलेल्या वर्गांमधून आत जायचं. आणि काहीच ठरवलेलं नसेल तर निळ्या लिंक धरून भटकत राहायचं.

या तिन्ही वाटा इंटरनेटने आणल्या असं वाटतं, पण त्या खूप जुन्या आहेत. पावणेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये छापलेल्या एका अवाढव्य ज्ञानकोशात त्या तिन्ही होत्या. त्यातली तिसरी वाट, म्हणजे एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे बोट दाखवण्याची, त्याच्या संपादकाने इतक्या धूर्तपणे वापरली की शेवटी फ्रान्सच्या सरकारी वकिलाला भर कोर्टात उभं राहून या दुव्यांविरुद्ध तक्रार करावी लागली.

त्या संपादकाचं नाव दनी दिदेरो.

जन्म 5 ऑक्टोबर 1713 चा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या लांग्र नावाच्या गावातला. वडील चाकू-सुऱ्या बनवणारे नावाजलेले कारागीर. शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या त्यांच्या सुऱ्यांना चांगली मागणी होती. घरात खाऊनपिऊन सुख होतं आणि नात्यात पाद्री होते, त्यामुळे पोरगाही पाद्री होणार हे घरच्यांनी धरूनच ठेवलं होतं. वयाच्या तेराव्या वर्षी त्याच्या डोक्यावरचे केस धार्मिक विधीने कापलेसुद्धा. पुढे शिकायला तो पॅरिसला गेला, 1732 मध्ये एम.ए. झाला, आणि मग पाद्री नाही, वकील नाही, काहीच झाला नाही.

वडिलांनी पैसे पाठवणं बंद केलं. पुढची दहाएक वर्षं त्याने शिकवण्या केल्या, भाषांतरं केली, उधाऱ्या केल्या. कपडे विकून पोट भरणाऱ्या आंतोआनेत नावाच्या मुलीशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा वडिलांनी त्याला चक्क एका मठात कोंडून ठेवलं. तो तिथून पळाला आणि 1743 मध्ये गुपचूप, मध्यरात्री लग्न करून मोकळा झाला. या सगळ्या भटकंतीत एक गोष्ट मात्र कामाची झाली. तो इंग्रजी शिकला.

तेव्हा लंडनमध्ये एफ्राइम चेंबर्सचा दोन खंडांचा ज्ञानकोश गाजत होता. 1728 मध्ये निघालेला. ल ब्रेतों नावाच्या पॅरिसच्या प्रकाशकाने त्याचं फ्रेंच भाषांतर काढायचं ठरवलं. ज्या इंग्रजाला काम दिलं त्याच्याशी भांडण होऊन प्रकरण मारामारीपर्यंत आणि पुढे कोर्टात गेलं. दुसरा संपादक आणला, तोही टिकला नाही. अखेर ऑक्टोबर 1747 मध्ये हे काम दिदेरो आणि गणितज्ञ दालांबेर यांच्याकडे आलं. प्रकाशकाला हवं होतं दोन खंडांचं भाषांतर. दिदेरोने त्याचे 17 खंड मजकुराचे आणि 11 खंड चित्रांचे केले, आणि त्यात त्याच्या आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं गेली.

पण त्याआधी तुरुंग.

1749 मध्ये दिदेरोने आंधळ्या माणसाला जग कसं उमगतं यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. सृष्टीची रचना डोळ्यांना दिसते म्हणून तिचा कोणी कर्ता असलाच पाहिजे, हा युक्तिवाद ज्याला काही दिसतच नाही त्याला कसा पटणार, असा त्यातला सूर होता. 24 जुलैला पोलीस दारात आले. त्याला व्हांसेनच्या किल्ल्यात टाकलं. प्रकाशकांचा पैसा अडकलेला, त्यामुळे ते सुटकेसाठी अर्जांवर अर्ज करू लागले. आधी पुस्तक आपलं नाहीच असं सांगणाऱ्या दिदेरोने शेवटी कबुली दिली, पुन्हा असलं काही छापणार नाही असं वचन दिलं, आणि 3 नोव्हेंबरला तो बाहेर आला. (याच तुरुंगात त्याला भेटायला पायी जाताना रूसोला एका निबंधस्पर्धेची जाहिरात दिसली आणि तिथून रूसोची कारकीर्द सुरू झाली. ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे.)

सुटलेल्या दिदेरोसमोर अडचण अशी होती. उघड लिहिलं तर पुन्हा किल्ला. आणि हातात असं काम, ज्यात देव, राजा, पाद्री, कर, गुलामगिरी सगळ्यावर लिहावंच लागणार.

पहिला प्रश्न मांडणीचा होता. जगातली सगळी माहिती एकत्र केली, तर ती वाचकाला सापडणार कशी?

एक उत्तर म्हणजे वर्णानुक्रम. यात सोय मोठी आहे, कारण शब्द माहीत असला की पान सापडतं. पण वर्णानुक्रम कोणाचाही मान ठेवत नाही. आपल्या बाराखडीने चाललात तर राजमा राजाच्या आधी येतो. फ्रेंच वर्णमालेतही तसंच. संत, भांडी, रोग आणि सरदार एकाच रांगेत उभे राहतात. दिदेरोला यात फार वाईट वाटलं असेल असं नाही.

तोटा असा की विषयाचे तुकडे होतात. शेतीबद्दल समग्र वाचायचं तर नांगर एका खंडात, गहू दुसऱ्यात, खत तिसऱ्यात. (आपल्याकडे श्री. व्यं. केतकरांनाही महाराष्ट्रीय ज्ञानकोश करताना हाच पेच होता. त्यांनी आधी पाच प्रस्तावनाखंड विषयवार काढले आणि मग अकारविल्हे खंड सुरू केले.)

त्यावर तोडगा म्हणून 1751 च्या पहिल्या खंडात एक घडीचा मोठा तक्ता लावला होता. मानवी ज्ञानाचं झाड. इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनच्या धर्तीवर केलेलं. स्मृती, बुद्धी आणि कल्पना या तीन मोठ्या फांद्या. स्मृतीला इतिहास, बुद्धीला तत्त्वज्ञान, कल्पनेला काव्य आणि कला. बहुतेक लेखांच्या सुरुवातीला शब्दापुढे कंसात तो लेख कोणत्या फांदीवरचा ते दिलेलं असायचं: व्याकरण, निसर्गेतिहास, धर्मशास्त्र, यंत्रकला. विकिपीडियाच्या पानाखालचे वर्ग म्हणजे हेच काम. फरक एवढाच की विकिपीडियावर वर्गावर बोट ठेवलं की त्यातले सगळे लेख समोर येतात. इथे फांदी सापडायची, पण तिच्यावर लेख कोणते आहेत ते झाड सांगत नव्हतं.

आणि या झाडातही चिमटा होताच. धर्मशास्त्र ही तोवर सगळ्या विद्यांची राणी. या तक्त्यात ती तत्त्वज्ञानाच्या पोटातली एक फांदी झाली, आणि तिच्या अगदी शेजारी कोण? भविष्यकथन आणि काळी जादू.

आता तिसरी वाट. लेखात मध्येच किंवा शेवटी एक शब्द यायचा, ‘पाहा’, आणि पुढे दुसऱ्या लेखाचं नाव. चेंबर्सच्या कोशातही असे दुवे होते, त्यामुळे ही दिदेरोची शोध लावलेली गोष्ट नाही. पण संपूर्ण फ्रेंच कोशात असे सुमारे 60 हजार दुवे आहेत, आणि त्यांचा काय काय उपयोग होतो याचा त्याच्याइतका विचार आधी क्वचितच कोणी केला असेल. 1755 च्या पाचव्या खंडात ‘ज्ञानकोश’ या शब्दावरचा लांबलचक लेख त्याने स्वतः लिहिला आणि त्यात दुव्यांचे प्रकारच समजावून दिले.

पहिला, शब्दांचा दुवा. इथे एक अवघड शब्द आलाय, त्याचा अर्थ तिकडे दिलाय, बघून घ्या. दुसरा, विषयांचा. या लेखाला पुष्टी देणारा किंवा त्याला खोडून काढणारा लेख तिकडे आहे. तिसरा, दोन लांबच्या विद्यांमधलं साम्य दाखवणारा, ज्यातून एखाद्या हुशार वाचकाला नवीन काही सुचावं असा. आणि चौथा, थट्टेचा.

दुसरा आणि चौथा प्रकार म्हणजे सगळी गंमत. एखाद्या अंधश्रद्धेला समाजात मान असेल, तर तिच्यावरचा लेख अदबीने लिहायचा, असं त्याचं म्हणणं. मग तिथून वाचकाला अशा लेखाकडे पाठवायचं, जिथे त्या श्रद्धेचा पाया साध्या तर्काने उखडलेला आहे. कुठेही वाईट शब्द नाही. वाचकाने दोन पानं वाचायची आणि बेरीज स्वतः करायची.

त्याने दिलेलं उदाहरण कॉर्दलिए या साधूंच्या पंथाचं. त्यांच्यावरच्या लेखात त्यांची स्तुती आहे. पण दुवा आहे ‘टोपडं’ या लेखाकडे, म्हणजे त्यांच्या झग्याला असणाऱ्या डोकं झाकायच्या टोपीकडे. तिथे गेलं की कळतं, ही टोपी अरुंद असावी की रुंद यावरून हे साधू शंभर वर्षांहून जास्त काळ आपापसात भांडत होते, आणि एकामागून एक पोपना फर्मानं काढावी लागली.

दुसरा गाजलेला दुवा पहिल्याच खंडातला. माणसं खाणाऱ्या लोकांवर एक लेख आहे, एका धर्मगुरूनेच लिहिलेला, अगदी सरळ. शेवटी मात्र वाचकाला ‘वेदी’, ‘कम्युनियन’ आणि ‘युकॅरिस्ट’ हे लेख पाहायला सांगितलंय. ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकरीचा तुकडा खाण्याचा जो चर्चमधला सर्वात पवित्र विधी, त्याच्याकडे नरभक्षकांच्या लेखातून वाट! प्राचीन काळी ख्रिस्ती लोकांवर असा आळ घेतला गेला होता, त्यामुळे दुवा अगदीच बिनबुडाचा नव्हता. मुद्दाम केलेला खोडसाळपणा की नुसती विद्वत्ता, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण वाचणाऱ्यांनी काय घ्यायचं ते घेतलं.

यात वाचकाची एक अडचण आज लक्षात येत नाही. खंड वर्णानुक्रमाने, एकेक करून निघत होते. 1751 मध्ये पहिला खंड हातात आलेल्या माणसाला ‘वेदी’ लगेच सापडायची. ‘कम्युनियन’ आला 1753 मध्ये. ‘युकॅरिस्ट’ सहाव्या खंडात, 1756 मध्ये. म्हणजे एका लिंकवर क्लिक करायचं आणि पान उघडायला पाच वर्षं थांबायचं. काही दुवे तर अशा लेखांकडे होते जे पुढे लिहिलेच गेले नाहीत. विकिपीडियावरच्या लाल लिंक तेव्हाही होत्या.

पण सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून हे चालत कसं होतं? 1752 च्या फेब्रुवारीत पहिल्या दोन खंडांवर बंदी आलीच होती. कोशाशी संबंधित एका पाद्रीच्या प्रबंधावरून गदारोळ झाला आणि त्याचं निमित्त मिळालं. दिदेरोचं नशीब असं की पुस्तकांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा प्रमुख मालझेर्ब हा मनातून या कामाच्या बाजूचा होता. छापा पडणार आहे हे त्याने दिदेरोला आधीच कळवलं आणि एवढे कागद लपवायला जागा नाही म्हटल्यावर ते आपल्याच घरी ठेवून घेतले, असं दिदेरोच्या मुलीने लिहून ठेवलंय. पोलीस खात्याच्या साहेबाच्या घरात चोरीचा माल, तसा प्रकार.

बंदी काही महिन्यांत सैल झाली, पण अट आली की यापुढे मजकूर धर्मशास्त्राचे जाणकार तपासतील. आता दुव्यांची किंमत कळते. तपासणारा माणूस लेख तपासतो. हा लेख ठीक आहे का? ठीक. तो लेख? तोही ठीक. पण दोन ठीक लेखांच्या मधून जो अर्थ निघतो तो कुठल्याच पानावर छापलेला नसतो. त्यावर लाल रेघ मारायची कुठे?

अर्थात हे फार काळ लपलं नाही. लपणार कसं, दिदेरोने स्वतःच पाचव्या खंडात सगळी युक्ती छापून टाकली होती! धाडस म्हणा, नाहीतर हुशार माणसाला आपली हुशारी झाकून ठेवता येत नाही म्हणा. 1757 मध्ये राजावर चाकूहल्ला झाला, वातावरण तापलं. त्याच वर्षी दालांबेरच्या जिनिव्हावरच्या लेखाने वादळ उठवलं. पुढे दालांबेर कंटाळून बाजूला झाला, रूसोशी मैत्री तुटली. जानेवारी 1759 मध्ये पॅरिसच्या उच्च न्यायालयात सरकारी वकील ओमेर झोली द फ्लरी याने कोशावर आरोप ठेवले आणि स्पष्ट सांगितलं की या कोशातलं विष त्याच्या दुव्यांमध्ये आहे. म्हणजे दिदेरोचा एक अतिशय काळजीपूर्वक वाचणारा वाचक हाच म्हणायचा.

8 मार्च 1759 ला राजाच्या मंडळाने छपाईचा परवानाच काढून घेतला. त्याच वर्षी पोपने कोश निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकला. तेव्हा सात खंड निघाले होते, दहा बाकी होते, आणि सुमारे 4,000 वर्गणीदारांचे पैसे घेतलेले होते.

व्हॉल्तेअरचं म्हणणं होतं, फ्रान्स सोड आणि बाहेर कुठेतरी छाप. पुढे रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिनेही आपल्याकडे छापण्याची तयारी दाखवली. दिदेरो हलला नाही. चित्रांच्या खंडांना नवा परवाना मिळाला, त्याच्या आडोशाने मजकुराचे उरलेले खंड पॅरिसमध्येच चोरून तयार होऊ लागले. साथीला प्रामुख्याने एकच माणूस उरला होता, शेव्हालिए द झोकूर. या सज्जनाने एकूण सुमारे 17 हजार लेख लिहिले, म्हणजे कोशाचा जवळजवळ चौथा भाग. लेखनिकांचे पगार द्यायला त्याने स्वतःचं घर विकलं. विकत कोणी घेतलं? ल ब्रेतोंने, म्हणजे ज्याच्यासाठी तो राबत होता त्याच प्रकाशकाने.

या ल ब्रेतोंचा खरा पराक्रम 1764 मध्ये उघडकीस आला. दिदेरोला आपलाच ‘स’ मधला एक लेख पाहायचा होता. छापलेला खंड उघडला तर लेख भलताच. वाक्यं गायब, धार गेलेली. दुसरा लेख काढला, तिसरा काढला, तीच गत. दिदेरोने शेवटचं प्रूफ तपासून दिलं की ल ब्रेतों आणि त्याचा फोरमन बसून भीती वाटेल तो मजकूर कापायचे आणि मूळ कागद जाळून टाकायचे. दिदेरो संतापाने रडला. पण करणार काय? बोभाटा केला तर पोलीस येणार, सगळंच जाणार. दुवा देणाऱ्याची सगळी भिस्त दुसऱ्या टोकाला काय लिहिलंय यावर असते, आणि ते टोकच गुपचूप कापलं गेलं होतं. कापलेल्या काही पानांची प्रूफं 20 व्या शतकात सापडली, तेव्हा नेमकं काय गेलं होतं ते थोडंफार कळलं.

उरलेले दहा खंड 1765 च्या सुमारास एकदम बाहेर आले, खोट्या पत्त्यावर, स्वित्झर्लंडमधल्या नशातेलचं नाव घालून. चित्रांचे खंड 1772 पर्यंत चालू राहिले. सुरी बनवणाऱ्याच्या पोराने कारागिरांच्या कामाला विद्वानांच्या पंगतीत बसवलं ते या चित्रांतून. वर कारखान्याचा देखावा, खाली एकेक हत्यार सुटं करून क्रमांक दिलेलं. मोजे विणण्याच्या यंत्रावरचा लेख तर त्याने स्वतः लिहिला.

एवढ्या कोशाला, सुमारे 72 हजार लेखांना, सूची मात्र नव्हती. ती 1780 मध्ये आली, दोन खंडांची. पांकूक या दुसऱ्या प्रकाशकाने काढलेली आणि मूशों नावाच्या एका पाद्रीने काही वर्षं खपून केलेली. दिदेरोचा तिच्याशी काही संबंध नव्हता. आज शिकागो विद्यापीठाच्या एका प्रकल्पात हा सगळा कोश ऑनलाइन आहे आणि जुने ‘पाहा’ आता खरोखरच क्लिक होतात.

स्वतः दिदेरोला या सगळ्यातून पैसा फारसा मिळाला नाही. मुलगी आंजेलिक हिच्या हुंड्याची सोय करण्यासाठी त्याने आपलं ग्रंथालय विकायला काढलं. 1765 मध्ये कॅथरिनने ते 15,000 लिव्रना विकत घेतलं, पण पुस्तकं त्याच्याकडेच राहू दिली आणि वर त्यांची देखभाल करायला त्यालाच पगारी ग्रंथपाल नेमलं. पगार एकदा थकला, तर पुढच्या 50 वर्षांचा एकदम पाठवून दिला. आभार मानायला तो साठाव्या वर्षी सेंट पीटर्सबर्गपर्यंत गेला. त्याच्या कादंबऱ्या आणि संवाद, ज्यांच्यामुळे आज साहित्यात त्याचं नाव आहे, ते बरेचसे कपाटातच राहिले. ‘रामोचा पुतण्या’ आधी 1805 मध्ये गटेच्या जर्मन भाषांतरात लोकांसमोर आला, आणि दिदेरोच्या हस्ताक्षरातली प्रत 19 व्या शतकाच्या शेवटी सेन नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे सापडली.

31 जुलै 1784 ला पॅरिसमध्ये तो गेला. सँ-रॉक चर्चमध्ये पुरलं, पण त्याचे अवशेष पुढे नाहीसे झाले. दुसऱ्या वर्षी त्याची जवळपास 3,000 पुस्तकं पेट्यांत भरून रशियाला गेली. तिथे ती वेगळी ठेवली गेली नाहीत, बाकीच्या पुस्तकांत मिसळून गेली, आणि त्यांची यादीही हरवली. अभ्यासक अजून सेंट पीटर्सबर्गच्या कपाटांमधून दिदेरोची पुस्तकं एकेक करून हुडकत आहेत.